जयंती नाल्यावरचे तीन सेन्सर : प्रकल्प नोंदी २०२४

१२ फेब्रुवारी २०२४

आज कोल्हापुरातला जयंती नाला पायी फिरलो, लक्ष्मीपुरीतल्या विल्सन पुलापासून कुंभार गल्लीच्या मागनं खाली पंपिंग स्टेशनपर्यंत. बरोबर एक कनिष्ठ अभियंता होते, त्यांना नाल्याचा प्रत्येक वाक पाठ आहे, कुठं पाणी तुंबतं आणि कुठं जलपर्णी अडकते ते न बघता सांगतात.

आम्ही महापालिकेबाहेरची टीम, काम काय ते आधीच लिहून ठेवतो. तीन ठिकाणी पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर आणि दोन पर्जन्यमापक, दर पाच मिनिटांनी रीडिंग. पंचगंगेची पातळी आपल्याला कळते, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगं पण सांगंल. पण शाहूपुरीत पाणी शिरतं ते नदी काठ सोडून सरळ चालत येते म्हणून नव्हे, नदी चढली की नाल्याला फूग येते आणि नाला उलटा भरत मागं येतो, वर शहरातला पाऊस त्यातच पडतो. ही फूग कुठल्या तासाला कुठपर्यंत आली हे आज कुणीच मोजत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या शहरी पुराच्या मार्गदर्शक सूचनांत दर ४ चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असं लिहिलंय, आपलं शहर ६६.८२ चौरस किलोमीटर, म्हणजे सतरा लागतात. आम्ही दोन लावणार. सुरुवात तर होऊ दे.

२७ फेब्रुवारी

पंधरा दिवस एकाच प्रश्नात गेले. नाला कुणाचा?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०, नद्या ओढे नाले आणि वाहतं पाणी सरकारचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम ६३, गटारं बांधणं, दुरुस्त ठेवणं, साफ करणं हे महापालिकेचं बंधनकारक काम. आता जयंती नाला हा नाला की गटार? सिटी सर्व्हेच्या नकाशात नाला आहे, वाहतं त्यात निम्मं सांडपाणी आहे. साफसफाईला तो महापालिकेचा, तळाच्या जागेला महसूलचा, पूररेषा आखायला जलसंपदाचा. आणि आमचा सेन्सर नाल्यात नाहीच, पुलाच्या कठड्याला लटकणार, म्हणजे पूल ज्याचा त्याची वेगळी ना हरकत. लाईटच्या पोलवर लावावा म्हटलं तर पोल महावितरणचा.

दीड किलोचा डबा आहे हो. पण मी कुणाला दोष देत नाही, ज्या माणसानं ना हरकतीवर सही करायची त्याच्या पुढ्यात या डब्यासाठी कुठलाच नमुना नाही, केबल टाकायला आहे, होर्डिंगला आहे, पाईपलाईनला आहे, पाण्याकडं नुसतं बघत बसणाऱ्या यंत्राला नाही, मग तो बिचारा केबलचाच अर्ज पुढं करतो आणि त्यात खुदाईची लांबी विचारलेली असते. आज आम्ही तिथं शून्य लिहून दिलं.

९ मार्च

अंदाजपत्रक. सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांची जी दरसूची असते तिच्यात सेन्सर नाही. आरसीसी आहे, ह्यूम पाईप आहे, गाळ काढणं घनमीटरवर आहे. जी गोष्ट दरसूचीत नाही तिला रेट अॅनालिसिस करायचं, तीन कोटेशन घ्यायची, मग तांत्रिक मंजुरी. तीन कोटेशन आली, एकात फक्त डबा आहे, दुसऱ्यात डबा आणि तीन वर्षं सिमचा खर्च, तिसऱ्यात डबा विकतच नाहीत, महिन्याला भाडं घेऊन डेटा देतात. तिन्हींची तुलना एका तक्त्यात कशी करणार? लेखा विभागाचा प्रश्न अगदी रास्त होता, हा खर्च भांडवली की महसुली, आणि भाड्यानं घेतला तर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कार्यालयाच्या वस्तूंच्या नोंदवहीला, काय चढवायचं. तीन वर्षांनी ऑडिट आलं आणि वस्तूच दिसली नाही तर आक्षेप निघतो आणि वसुली सही करणाऱ्याच्या पेन्शनवर लागते. माणसं सही का करत नाहीत याचं उत्तर बहुतेक वेळा इथंच असतं.

कोल्हापूर केंद्राच्या स्मार्ट सिटी यादीत नाही, त्यामुळं तिकडच्या शहरांसारखी वेगळी कंपनी आपल्याकडं नाही, सगळं नेहमीच्याच फाईलनं जाणार. मला उलट ते बरं वाटतं. कंपनीनं बसवलेली यंत्रणा शेवटी सांभाळायची कुणी, तर याच खात्यानं.

१६ मार्च

लोकसभेची आचारसंहिता लागली. नवीन निविदा नाही. पावसाळ्याला पावणेतीन महिने.

१८ एप्रिल

थांबलोयच तर मोठा प्रश्न सोडवून घेऊ म्हणून आज स्वयंचलित गेटवर बसलो. मूळ प्रस्तावात होतं की नाल्यावरच्या बंधाऱ्याला बरग्यांच्या, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांच्या, ऐवजी मोटरचं गेट बसवायचं आणि सेन्सरच्या रीडिंगवर ते आपोआप उघडमीट करेल. कागदावर एकदम भारी दिसतं. आता बरगे माणसं हातानं काढतात, भर पावसात, कमरेला दोर बांधून, ते बघितलं की कुणालाही वाटेल गेट झालंच पाहिजे.

पण गेट उघडलं की सांडपाणी मिसळलेलं पाणी थेट पंचगंगेत, आणि जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ चं कलम २४ आडवं येतं. मिटलं की फूग मागच्या वस्तीत. दोन्हीकडं कुणाचं तरी नुकसान आहे, आणि त्यातलं एक निवडायचं ते मध्यरात्री एका प्रोग्रामनं. हातानं बरगा काढला तर कुणाच्या आदेशानं काढला ते डायरीत असतं. प्रोग्रामच्या आदेशावर सही कुणाची? ज्यानं लिहिला त्याची, ज्यानं विकत घेतला त्याची, की त्या रात्री ड्युटीवर होता त्याची?

टीममधल्या एकानं राधानगरी धरणाचा मुद्दा काढला तो मला दिवसभर पुरला. तिथले सात दरवाजे कित्येक वर्षं आपोआप उघडतात, एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक, त्याला कधी कुणी विचारलं नाही की सही कुणाची. कारण नियम आधीच ठरलेला आणि सगळ्यांना माहीत, पाणी इतकं चढलं की दरवाजा उघडणार, खालच्या गावातली आजीबाई पण सांगते, दोन दरवाजे उघडल्यात, आता नदीवरची पाण्याची मोटार काढून ठेवा. तिथं यंत्र निवडत काही नाही, ठरलेलं तेवढं पाळतं. आपल्या नाल्यावर असा ठरलेला, सगळ्यांना माहीत असलेला नियमच नाहीये, कितीला काय करायचं याचा. तो नसताना गेट बसवणं मला धोक्याचं वाटतं.

अमेरिकेत इंडियाना राज्यातलं साऊथ बेंड म्हणून शहर आहे, पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच पाईपात, आपल्यासारखंच दुखणं. त्यांनी गटारांत सेन्सर आणि झडपा बसवल्या, पण त्यांच्यावर केंद्र सरकारशी झालेल्या कोर्टातल्या कराराचं बंधन होतं, आणि पुढं सेन्सरच्या आकड्यांवरच २०२१ मध्ये तो करार बदलून घेतला, काम स्वस्त झालं. म्हणजे आधी मोजलं, ते आकडे कायद्यापुढं ठेवले, मग बंधन बदललं. आपण पण याच क्रमानं जायचं. गेट प्रस्तावातनं काढलं. फक्त मोजायचं, दोन पावसाळे.

२१ मे

निविदेचा मसुदा. भांडण सेन्सर अल्ट्रासॉनिक (आवाजावर मोजणारा) की रडार (रेडिओ लहरींवर मोजणारा) यावर. अल्ट्रासॉनिक स्वस्त, पण पाण्यावर फेस असला की आवाज नीट परत येत नाही, आणि आपल्या नाल्यावर फेस कायम. रडारला फेसाचा फारसा त्रास नाही पण किंमत कितीतरी जास्त. सगळ्यात कमी दरवाल्याला काम द्यायचं म्हटलं की अल्ट्रासॉनिकच येणार. केंद्रानं ऑक्टोबर २०२१ मध्ये गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची वाट मोकळी केलीय, पण ते केंद्राच्या खरेदीला, इथं तसंच चालेल असं नाही. शेवटी यंत्राचं नावच काढलं आणि काम लिहिलं: फेस, तरंगता कचरा आणि मुसळधार पाऊस असताना पातळी एवढ्या अचूकतेनं मिळाली पाहिजे, जागेवर पंधरा दिवस दाखवायची, मग बिल. या वाक्यावर मी समाधानी आहे.

डेटाचं कलम मी स्वतः तीनदा लिहिलं. डेटा महापालिकेचा, सर्व्हर भारतात आणि केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीतला, करार संपला तरी सगळी जुनी रीडिंग साध्या फाईलमध्ये हातात द्यायची. हे नसलं तर तिसऱ्या वर्षी देखभालीचा करार संपतो, पासवर्ड बंद, आणि तीन पावसाळ्यांची माहिती गेली. सायबर घटना सहा तासांत कळवायची हा सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २०२२ चा आदेश पण घातला. रेडिओ ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा, त्याला लायसन्स लागत नाही पण यंत्राला प्रकार मंजुरी, म्हणजे त्या प्रकारच्या यंत्राला सरकारची मान्यता, लागते, ते प्रमाणपत्र जोडायचं.

११ जून

आचारसंहिता ६ तारखेला उठली. फाईल फिरतेय, पण या पावसाळ्याआधी निविदा होणं शक्य नाही हे आता सगळ्यांनी मान्य केलं.

मग एक सेन्सर उसना आणला, अल्ट्रासॉनिकच, आणि कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या एका काकांच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लावला. भिंत खाजगी, काकांनी साध्या कागदावर लिहून दिलं, काम झालं. चार महिन्यांत जी ना हरकत मिळाली नव्हती ती काकूंनी चहा टाकेपर्यंत मिळाली. त्याच भिंतीवर २०१९ च्या आणि २०२१ च्या पुराची रेघ आहे, काळ्या रंगानं काकांनीच मारलेली, दोन्ही माझ्या डोक्याच्या वर.

९ जुलै

पहाटे साडेचारला लिहितोय. रात्री १ वाजून ५० मिनिटांनी रीडिंग एकदम दीड मीटरनं वर गेलं, प्रोग्रामनं आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपोआप मेसेज टाकला, पाणी झपाट्यानं चढतंय, सामान हलवा. ग्रुपवर एकतीस जण. मी पोचलो तोवर काका, काकू आणि दोन पोरं फळ्यांवरनं मूर्ती वर माळ्यावर चढवत होती, बॅटरीच्या उजेडात. कच्च्या मूर्ती, शाडूच्या, अजून ओल पूर्ण गेलेली नाही. एकीची सोंड गेली, एकीचा उजवा हात मनगटापासनं.

नाला जिथल्या तिथं होता. मी शिडी लावून वर बघितलं तर सेन्सरच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलेलं, त्यावर पावसाचे थेंब, आवाज तिथनंच परत येत होता.

चूक आमची. फूग अशी पाच मिनिटांत दीड मीटर कधीच चढत नाही, ती बोटाबोटानं चढते, हे आम्हाला माहीत होतं आणि प्रोग्रामला सांगितलं नव्हतं.

१० जुलै

सकाळी दोघं जण पैसे घेऊन काकांकडं गेलो. पैसे घेतले नाहीत, सोंडेला ओली माती लावत होते, हात न थांबवता म्हणाले, "मेसेज मशीनचा हुता का माणसाचा?" म्हटलं मशीनचा. "मग पुढच्या टायमाला खाली कुणाचं तरी नाव घाला. माणसाचं नाव असंल तर फोन लावून इचारता येतंय, खरंच हलवू का म्हणून. मशीनला काय इचारू?"

दुपारी आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ काढून बसलो. कलम ५४: आपत्तीबद्दल खोटा इशारा देणं किंवा पसरवणं, ज्यानं घबराट होईल, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. मी "जाणूनबुजून" हा शब्द शोधला. तो तिथं नाही. अंगावर काटा आला खरं सांगायचं तर. एकतीस जणांचा ग्रुप म्हणून सुटलो असं वाटतं, हाच मेसेज अख्ख्या शाहूपुरीला गेला असता तर?

ग्रुपचा आपोआप मेसेज बंद केला. प्रोग्राममध्ये तीन सलग रीडिंग आणि चढण्याच्या वेगाची मर्यादा घातली, तोंडाला जाळी, आठवड्याला एकदा हातानं पुसणं.

१६ जुलै

त्याच कायद्याचं कलम ७३ आणि ७४ आज एका ओळखीच्या वकील मॅडमबरोबर ओळ न् ओळ वाचलं. ७३ मध्ये सद्भावनेनं केलेल्या कामाला संरक्षण आहे, त्यात स्थानिक प्राधिकरण आहे, म्हणजे महापालिका आली. ७४ मध्ये खास इशारा देण्याबद्दल संरक्षण आहे, आणि त्या यादीत केंद्र, राज्य, जिल्हा प्राधिकरण यांचे अधिकारी कर्मचारी आहेत, स्थानिक प्राधिकरण नाही. आमच्यासारखी बाहेरची टीम तर त्या यादीत नाहीच.

म्हणजे वाट दिसली. सेन्सर महापालिकेचा, रीडिंग महापालिकेचं, पण लोकांना इशारा द्यायचा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. आमच्या यंत्रानं लोकांशी बोलायचंच नाही, ड्युटीवरच्या माणसाशी बोलायचं, त्यानं काकांसारख्या दोघातिघांना फोन करून डोळ्यानं खात्री करायची, मग इशारा. हळू होईल का? होईल, पंधरा वीस मिनिटांनी. फूग तासातासानं चढते, ही वीस मिनिटं आपल्याला परवडतात. ढगफुटीसारख्या पावसाला परवडणार नाहीत, त्याचा वेगळा विचार करावा लागेल.

मेसेजसाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानं हेडर, म्हणजे पाठवणाऱ्या संस्थेचं छोटं नाव, आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. साच्यात मी एक मोकळी जागा जास्त मागितलीय, पाठवणाऱ्याच्या नावाची.

२६ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ओलांडलीय, राधानगरीचे दरवाजे उघडलेत. दोन दिवस झोप नाही. आज कागदपत्रांचं काही नाही, फक्त रीडिंग. पाऊस दोन तास पूर्ण उघडला होता, गटारांचं पाणी ओसरलं, तरी नाल्याची पातळी चढतच होती, अगदी सरळ रेषेत. नकाशावर हाताच्या बोटानं दाखवायचो ती फूग आज पहिल्यांदा आकड्यात दिसली. दर तासाला रीडिंग एका ड्युटी अधिकाऱ्यांना फोनवर सांगत होतो, त्यांनी स्वतः होऊन विचारायला सुरुवात केली, "पुढचं कधी देताय?" काकांच्या मूर्ती या वेळी उजेडात, सावकाश, टेम्पोत भुसा घालून गेल्या. मोडतोड नाही. संध्याकाळी सेन्सर काढून घेतला, पाणी त्याच्या खाली हातभर होतं.

२ सप्टेंबर

आज एक गृहस्थ भेटायला आले, नाल्याजवळ त्यांचा प्लॉट आहे. शांतपणे बोलले, तुमचे आकडे बाहेर आले तर निळी रेषा सरकेल, माझी आयुष्याची कमाई आहे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतनं एकदाच्या, निळीच्या आत बांधकामाला मनाई. मी त्यांना सांगितलं की एका पावसाळ्याच्या एका सेन्सरनं रेषा सरकत नाही, ते काम जलसंपदाचं आणि त्याला वेगळा अभ्यास लागतो. पण हेही सांगितलं की डेटा एकदा सरकारी दप्तरात गेला की माहिती अधिकार कायदा २००५ आहे, कुणीही अर्ज करून मागू शकतो, आणि दडवायचा म्हणून आम्ही मोजत नाही. ते नाराज होऊन गेले. त्यांची भीती खरी आहे, पण त्या प्लॉटवर उद्या फ्लॅट घेणाऱ्याला हे कळायला नको का?

कॅमेऱ्याचा प्रस्ताव मात्र मी मागं घेतला. पाण्याबरोबर मागची घरं, धुणं धुणाऱ्या बायका सगळं त्यात येतं. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, नियम अजून (सप्टेंबर २०२४) आलेले नाहीत. पातळी कळायला चेहरे लागत नाहीत.

१४ ऑक्टोबर

विधानसभेची आचारसंहिता आज उद्यात लागणार म्हणून सकाळपासनं धावपळ. निविदा निघाली नाही. फाईल एका टेबलावर तेवीस दिवस होती, का ते कळलं नाही.

पण एक पानाची कार्यपद्धती तयार झालीय आणि तिन्हीकडच्या माणसांनी वाचून पेन्सिलनं दुरुस्त्या केल्यात. त्यात एक तक्ता आहे: नाल्याची पातळी, त्यावर काय करायचं, कुणी करायचं. पहिले दोन रकाने आम्ही जुलैच्या रीडिंगवरनं भरले. तिसऱ्या रकान्यात मी "संबंधित अधिकारी" असं लिहिलं होतं, ते एका उपअभियंत्यांनी खोडलं आणि पदनाम लिहिलं, पदनामाच्या पुढं मोबाईल नंबरची जागा ठेवली. म्हणाले, "संबंधित म्हणजे कुणीच नाही. नीट लिहा."

२८ नोव्हेंबर

निवडणूक झाली. फाईल पुन्हा चालू, तांत्रिक मंजुरीची टिपणी गेली.

संध्याकाळी कुंभार गल्लीत गेलो होतो, पूर ओसरल्यावर परत लावलेला सेन्सर पुसायला. काकांनी भिंतीवर खालपासनं वरपर्यंत फुटाच्या खुणा मारून घेतल्यात, पांढऱ्यावर लाल, आकडे मोठे, रस्त्यावरनं दिसतील असे. कार्यपद्धतीतल्या तक्त्याची झेरॉक्स मागितली त्यांनी, दुकानात लावायला. म्हटलं अजून सही व्हायचीय काका. म्हणाले झाल्यावर आणून दे, तवर खिळा ठोकून ठेवतो.